ड्युअल बँड मोनोपोल : लांब आर्म बदलला की वरचा बँड पण का सरकतो?

स्ट्रिपलाइन२२

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी प्रिंटेड ड्युअल बँड मोनोपोल अँटेना (बोर्डवरच तांब्याच्या पट्टीचा एकदांडी अँटेना) करतेय, वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड हवेत. बोर्ड साधा एफआर४ (काचतंतूचा नेहमीचा सर्किट बोर्ड), १.६ मिमी जाड, मागच्या बाजूला अर्धवट ग्राउंड ३० मिमी रुंद आणि ४० मिमी लांब, पुढच्या बाजूला ५० ओहमची लाइन साधारण ३ मिमी रुंद, ग्राउंड संपला की तीच लाइन वर जाते आणि तिला दोन आर्म फुटतात, दिसायला एफ सारखा आकार. लांब आर्म फीडपासून टोकापर्यंत २५ मिमी आणि आखूड ११ मिमी. ५ मिमीपर्यंत दोघांचं खोड एकच आहे, तिथून पुढे वेगळे होतात.

कागदावर सगळं सोपं वाटत होतं, लांबवाला २.४ साठी, आखूडवाला ५ साठी, एका फीडवर दोन अँटेना, संपलं. पण सिम्युलेशनमध्ये लांब आर्म २ मिमीने कमी केला तर खालचा डिप (जिथे सगळ्यात कमी पॉवर परत येते ती फ्रिक्वेन्सी) वर जातो (हे कळतं) आणि त्याच्याबरोबर वरचा डिप पण सरकतो आणि उथळ होतो, हे कळत नाही. उलट आखूड आर्म बदलला तर खालच्या बँडला फारसा फरक पडत नाही. म्हणजे परिणाम एकतर्फी का? शिवाय ग्राउंडची लांबी ४० वरून २० केली तर खालच्या बँडचं मॅचिंग (अँटेना आणि ५० ओहमच्या लाइनचं जुळणं) पार जातं, आर्मला हात पण लावलेला नसताना. पेपर वाचून काढले, प्रत्येकात एक नवा आकार, मग पॅरामेट्रिक स्टडीचे रंगीत ग्राफ, आणि "हे माप वाढवल्यास रेझोनन्स खाली येतो" एवढंच. का येतो ते कुणी लिहितच नाही.

आकारातली नेमकी कुठली गोष्ट कशावर परिणाम करते आणि ट्यूनिंग कुठल्या क्रमाने करायचं, कुणी नीट समजावेल का?

लेआउटवाला

आधी दोन गोष्टी सांग. एअरबॉक्स किती ठेवलाय? सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला पाव तरंगलांबी तरी अंतर हवं, म्हणजे २.४ ला सगळ्या बाजूंनी ३० मिमीच्या वर, त्याहून कमी असेल तर आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस. आणि दोन्ही फ्रिक्वेन्सीला सरफेस करंटचा प्लॉट काढून बघितलास का? एस११ चा ग्राफ (फीडवरून किती पॉवर परत येते तो) फक्त काय झालं ते सांगतो, का झालं ते करंट सांगतो.

स्ट्रिपलाइन२२

एअरबॉक्स ४० मिमी आहे सर. करंट प्लॉट आत्ता काढला. २.४५ ला लांब आर्मवर फीडजवळ लाल आणि टोकाकडे जाता जाता निळा, अपेक्षेप्रमाणे. ५.५ ला आखूड आर्मवर लाल आहेच, पण लांब आर्मच्या मधोमध पण एक लाल पट्टा दिसतोय, म्हणजे तो गप्प बसलेला नाही. आणि ग्राउंडच्या वरच्या कडेला दोन्ही वेळा भरपूर करंट आहे.

तरंगसाधक

तुझं उत्तर त्या लाल पट्ट्यातच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर दरवेळी "ऑप्टिमायझर चालव" असं मिळतं, ते मला अजिबात पटत नाही.

आधी लांबी. हवेत २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२२ मिमी, पाव म्हणजे ३०.६ मिमी. ५.५ ला तरंगलांबी ५४.५ आणि पाव १३.६ मिमी. प्रत्यक्षात रेझोनन्स पाव तरंगलांबीपेक्षा साधारण पाच टक्के आखूड मापालाच मिळतो, कारण टोकाला फील्ड थोडं बाहेर पसरतं. त्यात बोर्डाचा परिणाम. एफआर४ चं परमिटिव्हिटी (तरंगलांबी किती आखूड होते ते ठरवणारा आकडा) ४.४ च्या आसपास असलं तरी आर्मखाली ग्राउंड नाही, फील्डचा मोठा भाग हवेतच आहे, म्हणून १.६ मिमी बोर्डाला लांबी ४.४ च्या वर्गमुळाने नाही तर साधारण १.१५ ने भागायची. हिशोब कर, २.४५ साठी २५ मिमी आणि ५.५ साठी ११ मिमी येतात. म्हणजे तुझी मापं बरोबर आहेत, चूक "दोन स्वतंत्र अँटेना" या समजुतीत आहे.

आता लांब आर्मकडे डिग्रीत बघ. २५ मिमी म्हणजे २.४५ ला ९० डिग्री, म्हणजे एका मिलिमीटरला ३.६ डिग्री. तोच तांबा ५.५ ला मिलिमीटरला साधारण ८ डिग्री देतो. फाट्यापासून पुढचा लांब आर्म तुझ्याकडे २० मिमी आहे, म्हणजे ५.५ ला १६२ डिग्री. टोक उघडं असलेली लाइन बरोबर १८० डिग्रीची, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची असेल तर तिच्या सुरुवातीला इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) प्रचंड मोठा दिसतो, जवळजवळ ओपन सर्किट, करंट तिकडे वळतच नाही आणि सगळा आखूड आर्मला मिळतो. १६२ ला ती थोडी इंडक्टिव्ह दिसते पण इम्पीडन्स अजून बराच मोठा आहे, त्यामुळे चालून जातं. तू २ मिमी कापलेस की झाली १४५ डिग्री, इम्पीडन्स निम्म्याहून खाली आला, आता आखूड आर्मच्या समांतर एक चांगलंच जाणवणारं इंडक्टन्स लटकलंय, म्हणून वरचा डिप सरकला आणि उथळ झाला. तुझा लाल पट्टा म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा मधला करंट.

उलट बाजूने बघ. आखूड आर्म फाट्यापासून फक्त ६ मिमी, २.४५ ला तो २२ डिग्रीचा चिमुकला उघडा स्टब, म्हणजे एक छोटा कपॅसिटर. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी त्या कपॅसिटरमध्ये कितीसा फरक पडणार. म्हणून परिणाम एकतर्फी.

(आर्म म्हणजे काही आदर्श ट्रान्समिशन लाइन नाही, तो रेडिएट करतो, त्यामुळे डिग्रीचे हे आकडे अंदाजाचे. पण दिशा बरोबर दाखवतात.)

यातून एक कामाची गोष्ट निघते. फाटा कुठे फुटतो हे लांबीइतकंच महत्त्वाचं माप आहे आणि पेपरांत त्याच्याकडे फारसं लक्ष दिलेलं नसतं. फाटा ५ मिमी ऐवजी ३ मिमीवर आणलास आणि दोन्ही आर्मची एकूण लांबी तीच ठेवलीस तर लांब आर्म फाट्यापुढे २२ मिमी होतो, ५.५ ला १७८ डिग्री, म्हणजे वरच्या बँडला तो जवळजवळ अदृश्य. पण फाटा खाली आणला की आडवा आर्म ग्राउंडच्या कडेजवळ येतो, तिथे कपॅसिटन्स वाढतो आणि दोन्ही बँड खाली सरकायला लागतात, त्यामुळे एका मर्यादेपुढे फायदा नाही.

शून्य_डेसिबल

वा, हे कुठल्याच पेपरात असं वाचलं नव्हतं. म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर २ च्या आसपास असलं की फाट्याचा आकार आपोआप जमतो, असंच ना? मग गुणोत्तर १.३ किंवा १.५ असेल तर काय?

तरंगसाधक

बरोबर ओळखलंस. २ च्या जवळ सोपं जातं. गुणोत्तर १.३ वगैरे असेल तर कठीण, कारण लांब आर्मच्या रेझोनन्सच्या वर गेलं की तो इंडक्टिव्ह होतो आणि आखूड आर्म अजून त्याच्या रेझोनन्सच्या खाली असल्यामुळे कपॅसिटिव्ह असतो, दोन्ही समांतर, म्हणजे मधे एका फ्रिक्वेन्सीला समांतर एलसी सर्किट तयार होतं आणि पॉवर आत जातच नाही. दोन डिपच्या मधे एस११ चा जो उंचवटा दिसतो तो हाच. तिथे दोन्ही आर्ममधले करंट उलट दिशेला असतात, एकमेकांना खाऊन टाकतात. बँड जितके जवळ तितका हा उंचवटा दोघांच्या कडा कुरतडतो. अशा वेळी फाटा सोडून द्यायचा, रुंद पॅच घ्यायचा जो मुळातच दोन्ही बँड एकत्र झाकेल, आणि मधली फ्रिक्वेन्सी नको असेल तर त्यात यू आकाराचा स्लॉट कापायचा, स्लॉटची एकूण लांबी नको त्या फ्रिक्वेन्सीला गायडेड तरंगलांबीच्या अर्धी, तिथे नॉच पडतो.

उंच_मास्ट

आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या जगातलं एक उदाहरण देतो कारण तिथे हेच सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं, तार हातात धरून. १४५ मेगाहर्ट्झचा क्वार्टर वेव्ह व्हिप साधारण अर्धा मीटर. तोच व्हिप ४३५ ला बरोबर तीन पाव तरंगलांबी होतो, कारण ४३५ म्हणजे १४५ च्या तिप्पट. दोन्हीकडे रेझोनन्स, दोन्हीकडे इम्पीडन्स फीडला योग्य, एक सरळ तार आणि ड्युअल बँड तयार, काही कापायचं नाही जोडायचं नाही. पण ४३५ ला मुख्य लोब (सगळ्यात जास्त सिग्नल जातो ती दिशा) क्षितिजावर राहत नाही, साधारण ४५ डिग्री वर उचलला जातो, कारण तारेच्या खालच्या भागातला करंट वरच्या भागाच्या उलट दिशेला असतो. एसडब्ल्यूआर मीटर (मॅचिंग मोजणारा) म्हणतो सगळं छान आणि समोरचा स्टेशनवाला म्हणतो ऐकू येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, तुम्ही लोक एस११ बघून खूश होता, पॅटर्न बघा पॅटर्न.

शून्य_डेसिबल

दादा पण वायफायला गुणोत्तर ३ नाही ना, २.४५ ची तिप्पट ७.३५ होते, ती ५.५ ला आणायची कशी एकाच तारेने?

उंच_मास्ट

आणता येते. करंट आणि व्होल्टेज कुठे जास्त आहे ते बघायचं आणि तिथे रुंदी बदलायची. तीन पाव मोडमध्ये टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त, फीडला करंट सगळ्यात जास्त, आणि फीडपासून एक तृतीयांश उंचीवर व्होल्टेजचं आणखी एक शिखर. त्या एक तृतीयांश जागी तांबा रुंद केला तर तिथे कपॅसिटन्स वाढतो आणि वरचा मोड खाली ओढला जातो, खालचा मोड पण थोडा खाली येतो पण कमी, कारण त्याचं व्होल्टेज तिथे अजून निम्म्यावरच असतं. टोकाला रुंद केलं तर दोन्ही मोड खाली येतात, कारण टोकाला दोघांचंही व्होल्टेज पूर्ण. म्हणजे दोन मोडमधलं गुणोत्तर बदलायचं असेल तर मधे, दोन्ही एकत्र हलवायचे असतील तर टोकाला. मला ही पद्धत फाट्यापेक्षा स्वच्छ वाटते.

तरंगसाधक

स्वच्छ आहे मान्य, पण पॅटर्नचा मुद्दा तुम्हीच काढलात ना, मग वरच्या बँडला तीन पाव मोड वापरला की तोच उलट करंटचा त्रास इथे पण येणार. फाट्यात वरचा बँड खऱ्या पाव तरंगलांबीवर चालतो, करंट एकाच दिशेचा, आडव्या पातळीत पॅटर्न गोल राहतो. राउटरला गोल पॅटर्न हवा असेल तर मी फाटाच घेईन. मोबाईल किंवा छोट्या सेन्सरला, जिथे सगळीकडून परावर्तन होऊन सिग्नल येतोच, तिथे तुमची पद्धत चालेल.

उंच_मास्ट

हे मान्य. पण फाट्याचा लांब आर्म आडवा वळवलेला असतो हे पण लक्षात ठेवा, त्या आडव्या भागातून क्रॉस पोलरायझेशन (नको असलेलं आडव्या दिशेचं फील्ड) येतं. एफ आणि एल आकाराच्या अँटेनाला शुद्ध उभं पोलरायझेशन मिळत नाही.

लेआउटवाला

ग्राउंडबद्दल कुणीच बोललं नाही अजून आणि माझ्या मते अर्धा प्रश्न तिथेच आहे.

पुस्तकातला मोनोपोल अनंत ग्राउंडवर उभा असतो, बरोबर पाव तरंगलांबीला इम्पीडन्स ३६.५ ओहम आणि वर २१ ओहम रिअॅक्टन्स, थोडा आखूड केला की रिअॅक्टन्स जातो आणि ३६ च्या आसपास शुद्ध रेझिस्टन्स उरतो. ५० ओहमच्या लाइनवर ३६ म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर १.४, एस११ उणे १६ च्या जवळ, कुठलंही मॅचिंग न करता. म्हणून मोनोपोल लोकांना आवडतो. पण तुझा बोर्ड अनंत नाही, ३० बाय ४० आहे, आणि मुख्य म्हणजे तो आर्मच्या खाली आडवा पसरलेला नाही, आर्मच्याच पातळीत शेजारी आहे. ही खरं तर वाकडीतिकडी डायपोल आहे. तराजूचं एक पारडं तुझे आर्म, दुसरं पारडं ग्राउंड, आणि आर्ममध्ये जेवढा करंट जातो तेवढाच ग्राउंडमध्ये परत यायला लागतो. तो सगळ्या तांब्यावर सारखा पसरत नाही, कडांवरून वाहतो, म्हणून तुला वरच्या कडेला लाल दिसलं.

२.४५ ला पाव तरंगलांबी हवेत ३० मिमी. ४० मिमीचा ग्राउंड त्याला पुरेसा, २० मिमीचा नाही, डायपोलचा एक हात तोडल्यासारखं झालं आणि मॅचिंग गेलं. ५.५ ला मात्र २० मिमी पण पाव तरंगलांबीपेक्षा मोठा आहे, म्हणून वरचा बँड तग धरतो. पण वरच्या बँडला ४० मिमीचा ग्राउंड ०.७ तरंगलांबीहून मोठा होतो, त्यामुळे त्याच्यावर करंटच्या दिशा बदलतात आणि पॅटर्नमध्ये खड्डे पडायला लागतात. म्हणजे एकच ग्राउंड दोन्ही बँडला सारखा चांगला नसतोच. मोबाईल फोनमध्ये तर ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३३३ मिमी, कोपऱ्यातला अँटेना काही सेंटीमीटरचा, तिथे रेडिएशनचं मोठं काम पूर्ण बोर्डच करतो, अँटेना त्याला फक्त हलवतो.

म्हणून क्रम विचारशील तर माझा असा : ग्राउंडचं माप आधी ठरव आणि गोठव, कारण प्रॉडक्टमध्ये ते बॅटरी, डिस्प्ले, बाकीच्या सर्किटवरून ठरतं, तुझ्या हातात नसतं. मग लांब आर्मने खालचा बँड बसव, मग फाट्याची जागा बघ, मग आखूड आर्मने वरचा बँड, आणि सगळ्यात शेवटी फीडची गॅप, म्हणजे ग्राउंडची वरची कड आणि आडव्या आर्मची खालची कड यांच्यातलं अंतर. ही गॅप अर्ध्या मिलिमीटरने हलवली तरी वरच्या बँडचं मॅचिंग बदलतं, फ्रिक्वेन्सी फारशी नाही. वरच्या बँडला अजून मॅचिंग हवं असेल तर फीड लाइनच्या बरोबर मागे ग्राउंडच्या वरच्या कडेत एक छोटी चौकोनी खाच काप, खालच्या बँडला ती जवळजवळ दिसत नाही.

टोकाचा_तांबा

मधेच विचारतो, माझा बोर्ड अजून लहान आहे, आर्मला उंची फक्त १२ मिमी मिळतेय. सगळे म्हणतात मियँडर कर, म्हणजे आर्म नागमोडी वळव. करू का?

तरंगसाधक

कर, पण किंमत समजून कर. मियँडर केला म्हणजे लांबी मिळाली, उंची नाही मिळाली, आणि रेडिएशन उंचीतून होतं. मोठ्या ग्राउंडवरच्या आखूड मोनोपोलचा रेडिएशन रेझिस्टन्स साधारण ३९५ गुणिले (उंची भागिले तरंगलांबी) या गुणोत्तराचा वर्ग. उंची तरंगलांबीच्या एक दशांश, म्हणजे २.४५ ला तुझे १२ मिमी, तर जेमतेम ४ ओहम. छोट्या बोर्डावर ग्राउंड पण रेडिएट करतो म्हणून चित्र इतकं वाईट नसतं, पण दिशा तीच. मियँडरच्या शेजारशेजारच्या आडव्या पट्ट्यांत करंट उलटसुलट, त्यांचं रेडिएशन एकमेकांना रद्द करतं, तांब्यातलं नुकसान मात्र रद्द होत नाही, ते बेरीज होतं. आणि बँडविड्थ आकुंचन पावते, त्याला पळवाट नाही, व्हीलरने १९४७ मध्ये आणि चूने १९४८ मध्ये ही मर्यादा दाखवून दिलीय, अँटेना ज्या गोलात मावतो त्याची त्रिज्या लहान झाली की क्यू (तो जास्त म्हणजे बँडविड्थ कमी) त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो.

तुझ्या जागी मी आधी उभा भाग सरळ आणि रुंद ठेवीन आणि उरलेली लांबी वर गेल्यावर आडवी वळवीन, इन्व्हर्टेड एल सारखी. असं केल्याने उभ्या भागात वरपर्यंत करंट टिकून राहतो. त्रिकोणी करंटऐवजी तो सपाट झाला तर त्याच उंचीला रेडिएशन रेझिस्टन्स चौपटीपर्यंत जातो. मियँडर करायचाच असेल तर टोकाकडे कर जिथे करंट कमी आहे, फीडजवळ अजिबात नको.

शून्य_डेसिबल

रुंदीबद्दल पण लिहा ना कुणीतरी, आर्म १ मिमी घ्यायचा की ३ मिमी?

लेआउटवाला

जागा असेल तर रुंद. पट्टीची रुंदी भागिले ४ एवढ्या त्रिज्येच्या गोल तारेसारखी ती वागते, आणि तार जाड झाली की बँडविड्थ वाढते. वरच्या बँडला हे जास्त लागतं : २.४ ते २.४८३५ म्हणजे फक्त साडेतीन टक्के बँडविड्थ, पण ५.१५ ते ५.८५ म्हणजे जवळजवळ १३ टक्के. म्हणून आखूड आर्म रुंद आणि लांब आर्म बारीक ठेवला तरी चालतं. फक्त रुंद करताना आर्ममधली गॅप कमी होऊ देऊ नकोस, गॅप कमी झाली की कपलिंग वाढतं आणि वरच्या बँडची बँडविड्थ आक्रसते.

स्ट्रिपलाइन२२

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. तरंगसाधक सरांनी सांगितल्याप्रमाणे फाटा ३ मिमीवर आणला, एकूण लांब्या त्याच ठेवल्या. आता लांब आर्म कमीजास्त केला तर वरचा डिप पूर्वीपेक्षा खूपच कमी हलतो. दोन्ही बँड थोडे खाली सरकले, तेही सर म्हणाले होते तसंच, ते दोन्ही आर्म थोडे कापून वर आणले. ग्राउंडच्या खाचेने वरचा डिप छान खोल झाला आणि ५.१५ ते ५.८५ उणे १० च्या खाली आला. बोर्ड बनवून घेतलाय.

आता मोजमापाचा त्रास. वरचा बँड सिम्युलेशनशी बऱ्यापैकी जुळतो, खालचा मात्र जुळत नाही, आणि केबलला हात लावला की ग्राफ हलतो. कनेक्टर सोल्डर नीट नाही का?

उंच_मास्ट

सोल्डर बघ, पण दोष बहुतेक त्याचा नाही. केबलला हात लावल्यावर ग्राफ हलतोय म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय. तुझा ग्राउंड लहान आहे, खालच्या बँडला करंट शोधत शोधत पुढे जातो आणि केबल सापडली की तिच्यावर चढतो, म्हणजे मोजताना तुझा ग्राउंड ४० मिमीचा राहिलाच नाही, केबलएवढा लांब झाला. वरच्या बँडला ४० मिमी पुरेसा आहे म्हणून तिकडे फरक कमी. केबलवर कनेक्टरच्या अगदी जवळ फेराइट मणी ओव, किंवा पाव तरंगलांबीची स्लीव्ह, २.४५ ला ३० मिमी, जाळीवर बाहेरून घाल, स्लीव्हचं कनेक्टरकडचं तोंड उघडं ठेवायचं आणि दुसरं टोक जाळीला सोल्डर करायचं. स्लीव्ह एकाच बँडला काम करते पण तुला तोच बँड सतावतोय. मग परत हात लावून बघ, ग्राफ स्थिर राहिला की मगच आकडे लिहून घे.

कुठला व्हीएनए (एस११ मोजायचं यंत्र) वापरतेस? सुरुवातीचं नॅनोव्हीएनए असेल तर ते वायफायपर्यंत पोचत नाही, ५ गिगाहर्ट्झसाठी ६ पर्यंत जाणारं लागतं.

स्ट्रिपलाइन२२

लॅबचा मोठा आहे, ६ च्या वर जातो, कॅलिब्रेशन कनेक्टरच्या तोंडाशीच केलंय. फेराइट मणी लावले, हात लावल्यावरचं हलणं बरंच थांबलं. खालचा डिप आता २.३८ ला आहे, सिम्युलेशनमध्ये २.४५ होता. हा फरक कुठून?

तरंगसाधक

७० मेगाहर्ट्झ म्हणजे तीन टक्के. एफआर४ चं परमिटिव्हिटी बॅचप्रमाणे बदलतं, पण फील्डचा मोठा भाग हवेत असल्यामुळे त्यातून एखाद टक्काच येईल. उरलेलं कनेक्टरमधून असावं, एसएमए कनेक्टरचं धातूचं अंग आणि उरलेली थोडी केबल ग्राउंडची लांबी वाढवतात. सिम्युलेशनमध्ये कनेक्टर आणि दोनतीन सेंटीमीटर केबल जोडून बघ, डिप खाली येईल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा ग्राफ जरूर टाक, मोजलेलं आणि सिम्युलेशनचं का जुळत नाही याचं कारण दाखवणं हे नुसतं जुळवून दाखवण्यापेक्षा मोलाचं आहे.

आणि एस११ वर थांबू नकोस. उणे १० डेसिबल म्हणजे फक्त एवढंच की दहा टक्के पॉवर परत आली, उरलेली नव्वद हवेत गेली की बोर्डात गरम झाली ते तो ग्राफ सांगत नाही, ५० ओहमचा रेझिस्टर लावला तर एस११ त्याहून सुंदर येतो. एफआर४ चा लॉस टँजेंट (बोर्डात किती पॉवर गरम होऊन जाते त्याचं माप) ०.०२ च्या आसपास, पॅच अँटेनाला तो फार जाचतो कारण फील्ड सगळं बोर्डात कोंडलेलं असतं, तुझ्या मोनोपोलला कमी जाचेल. तरी एफिशियन्सी काढून दाखव, दोन्ही बँडची.

टोकाचा_तांबा

मी पण विचारून घेतो, माझा बोर्ड प्लास्टिकच्या बॉक्समध्ये जाणार आहे, एबीएस. त्याचा हिशोब आधीच धरायचा का?

लेआउटवाला

धरायचा. एबीएसचं परमिटिव्हिटी ३ च्या आतबाहेर, प्लास्टिक जवळ आलं की दोन्ही बँड खाली सरकतात, आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे आर्मची टोकं, कारण इलेक्ट्रिक फील्ड तिथेच सगळ्यात जास्त. बॉक्सची भिंत टोकाला चिकटवू नकोस, दोनतीन मिलिमीटर हवा सोड. स्क्रूचा पितळी बॉस टोकाजवळ येत असेल तर मेकॅनिकलवाल्यांशी आजच बोलून घे, नंतर ते हलवत नाहीत.

ट्यूनिंगसाठी आर्म मुद्दाम थोडा लांब ठेव आणि बॉक्स लावून मोजून मग काप, ब्लेडने, एका वेळी अगदी थोडं. २५ मिमीच्या आर्मवर १ मिमी म्हणजे चार टक्के, २.४५ ला १०० मेगाहर्ट्झ, आणि तुझा अख्खा खालचा बँड ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे, एका मिलिमीटरच्या कापात पूर्ण बँड ओलांडून पलीकडे जाशील. आखूड आर्मवर १ मिमी म्हणजे सरळ ५०० मेगाहर्ट्झ. लांब आर्म आधी, आखूड नंतर, आणि प्रत्येक कापानंतर दोन्ही डिप बघ.